सिनेमातला एक सीन नीट कसा वाचायचा : शॉट मोजण्यापासून अर्थ लावण्यापर्यंत

सिनेमावर लिहिलेलं कुणी वाचायला दिलं की बहुतेक वेळा तेच दिसतं, अर्ध्या लेखात स्टोरी, मग 'छायांकन अप्रतिम, पार्श्वसंगीत साजेसं' अशी दोन वाक्यं, आणि शेवटी एकदम 'दिग्दर्शकाला समाजातल्या विषमतेवर भाष्य करायचं आहे'. या दोन टोकांच्या मधे जे असतं, म्हणजे कॅमेरा कुठे ठेवला, कट कधी मारला, आवाज कधी बंद केला, त्याचा पत्ताच नसतो. लोकांना कळत नाही असं अजिबात नाही, सीन बघताना पोटात गोळा सगळ्यांच्याच येतो. घोळ होतो तो क्रमात. आपण आधी अर्थ ठरवतो आणि मग पुराव्याला शॉट शोधत बसतो. खालचा क्रम बरोब्बर उलटा आहे, आधी दिसलं-ऐकलं ते लिहायचं, मग त्याने आपलं काय झालं ते, आणि अर्थ सगळ्यात शेवटी.

उदाहरणं मुख्यतः 'फँड्री' (२०१३) मधली घेतली आहेत, मधे मधे 'कोर्ट' आणि 'सैराट' येतील. तिन्हींचे शेवट यात उघड होणार, बघितले नसतील तर आधी बघून या.

१. तयारी

पूर्ण सिनेमा एकदा बघून झालेला हवा. तुकडा बघून अर्थ लावू नका, कारण सीनचं वजन त्याच्या आधी काय झालं त्यावर असतं.

मग एकच सीन निवडा, दोन ते चार मिनिटांचा. नवीन लोक हमखास पूर्ण सिनेमा घ्यायला जातात, मग वही शंभर शॉटला थकते आणि उरलेलं आठवणीवर लिहिलं जातं. तीन मिनिटांचा सीन नीट करायला पहिल्यांदा दोन-अडीच तास लागतात, हे धरूनच बसा. निवडताना 'सगळ्यात भारी सीन' शोधू नका, जिथे तुम्हाला काहीतरी झालं पण का झालं ते सांगता येत नाही तो सीन घ्या.

लॅपटॉप घ्या, मोबाईल नको. हेडफोन पाहिजेच. व्हीएलसी प्लेयरमध्ये 'ई' चं बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, यूट्यूबवर आधी पॉज करून पूर्णविराम आणि स्वल्पविरामाच्या बटणांनी पुढे-मागे जाता येतं. टीव्हीवर बघत असाल तर पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा मोड बंद करा, सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि तो मोड मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून टाकतो, मग सगळंच मालिकेसारखं दिसायला लागतं आणि तुम्ही त्यावर मत बनवता.

तपासून घ्या: चित्र ताणलेलं किंवा बाजूने कापलेलं नाही ना? वर-खाली काळ्या पट्ट्या असतील तर त्या राहू द्या, स्क्रीन भरायला झूम केलंत की फ्रेमच्या कडेला उभा असलेला माणूस गायब होतो, आणि कदाचित तोच महत्त्वाचा असतो. टीव्ही चॅनलवरची प्रत वापरू नका, त्यात काटछाट असू शकते.

२. पहिल्यांदा बघा, हात न लावता

सीन एकदा सलग बघा. पॉज नाही, नोंद नाही. संपला की लगेच तीन-चार ओळी लिहा, कुठे श्वास अडकला, कुठे कंटाळा आला, कुठे नजर आपोआप गेली. 'प्रभावी', 'हृदयस्पर्शी' असले शब्द नकोत. 'डुक्कर समोरून गेलं तेव्हा मला ओरडावंसं वाटलं' हे चालेल. ही नोंद फक्त एकदाच मिळते, दहा वेळा सीन बघितल्यावर तो मुळात कसा लागला होता हे आठवत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

३. कट मोजा

आता पुन्हा बघा आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे, वहीत एक रेघ मारा. एवढंच करा, बाकी काही बघू नका. सीनचे सेकंद भागिले शॉट केले की सरासरी मिळते. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, त्यात ४५ शॉट असतील तर सरासरी ४ सेकंद, आणि ६ च असतील तर ३० सेकंद. या दोन सीनमध्ये बसल्याजागी आपलं वागणंच वेगळं असतं. पहिल्यात आपली नजर कुठे जावी हे एडिटर ठरवतो, दुसऱ्यात आपण स्वतः फ्रेममध्ये फिरतो.

'कोर्ट' याच कारणाने अनेकांना 'स्लो' वाटला. कॅमेरा लांब, बहुतेक वेळ जागचा हलत नाही, शॉट लांबलचक. कोर्टरूममध्ये मुख्य खटल्याच्या आधी-नंतर भलतेच खटले चालू असतात, आणि आपण त्या खोलीत मागच्या बाकावर ताटकळत बसल्यासारखे होतो. तो कंटाळा ही चूक समजून पुढे ढकलू नका, नोंदवा. तारखांवर तारखा पडतात म्हणजे काय ते तिथे संवादातून कळतं त्यापेक्षा जास्त शॉटच्या लांबीतून कळतं.

सावधान: सरासरी फसवते. सगळ्यात लांब शॉट आणि सगळ्यात छोटा शॉट वेगळे लिहून ठेवा. वेग नेमका कुठे बदलला ते सरासरीत दिसत नाही आणि बरेचदा सीनचं मर्म त्या बदलाच्या जागीच असतं.

४. शॉट लिस्ट बनवा

हे सगळ्यात किचकट काम आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच शॉर्टकट मारतात. वहीत उभे रकाने पाडा: शॉट नंबर, किती सेकंद, आकार (लाँग म्हणजे लांबून, मिड म्हणजे कमरेपासून वर, क्लोज म्हणजे चेहऱ्याजवळून), अँगल, कॅमेऱ्याची हालचाल, आणि फ्रेममध्ये काय आहे. शेवटच्या रकान्यात फक्त दिसतं तेच. 'जब्या (फँड्रीतला शाळकरी पोरगा) अपमानित' हे दिसत नाही, 'जब्याची मान खाली, मागे भिंतीवर पोरं बसलेली' हे दिसतं. हा फरक पाळला नाही तर पुढचं सगळं डळमळीत होतं.

झूम आणि ट्रॉली (कॅमेराच पुढे-मागे सरकवणं) यांची गल्लत फार होते. घरीच करून बघा, खिडकीच्या गजांपलीकडे झाड दिसेल असे थोडे लांब उभे राहा, मोबाईलचा कॅमेरा उघडा. जागेवर राहून झूम केलंत तर गज आणि झाड दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठे होतात. आता झूम न करता चालत पुढे या, गज भराभर मोठे होऊन फ्रेमच्या बाहेर जातात आणि झाड तेवढंच्या तेवढंच राहिल्यासारखं वाटतं. सिनेमात हेच बघायचं, जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं नातं बदललं तर कॅमेरा स्वतः हललाय, नाही बदललं तर झूम आहे. फरक का महत्त्वाचा, तर कॅमेरा पुढे सरकला की आपण त्या माणसाच्या जवळ गेल्यासारखं वाटतं आणि झूममध्ये आपण लांबच उभे राहून त्याला ओढून घेतो, टक लावून बघितल्यासारखं.

तशीच दुसरी गल्लत पात्राच्या नजरेतून घेतलेला शॉट आणि खांद्यावरून घेतलेला सजेशन शॉट यांची. पहिल्यात आपण ते पात्र होतो, दुसऱ्यात आपण त्याच्या मागे उभे असतो. फ्रेमच्या कडेला खांदा किंवा केस दिसतायत का बघा, प्रश्न मिटतो.

तपासून घ्या: लिस्ट एखाद्या मित्राला द्या ज्याने सिनेमा बघितला नाही. त्याला ती वाचून सीन साधारण कागदावर चितारता आला तर लिस्ट बरोबर आहे. त्याला 'पण कॅमेरा कुठे होता?' असं विचारावं लागलं तर परत बसा.

५. आवाज बंद करून बघा

म्यूट करा. आता गाणं, संवाद काहीच तुम्हाला ढकलत नाही, त्यामुळे फ्रेम दिसायला लागते. माणूस फ्रेमच्या मधे आहे का कडेला, डोक्यावर किती जागा सोडलीय, कोण पुढे कोण मागे, मागचं स्पष्ट आहे का धूसर, उजेड कुठून येतोय (नाकाची सावली कुठे पडलीय बघा, लगेच कळतं).

'फँड्री'च्या शेवटाकडे जब्याच्या घरचे पकडलेलं डुक्कर बांबूला बांधून खांद्यावरून नेतात आणि मागे शाळेची भिंत आहे, तिच्यावर आंबेडकरांसह समाजसुधारकांची चित्रं आहेत. कुणी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. आता विचार करा, जर इथे त्या चित्रांचा वेगळा क्लोजअप कापून लावला असता तर? ते म्हणजे खांद्यावर हात ठेवून 'हे बघ, कळलं का' असं सांगणं झालं असतं. इथे डुक्कर आणि भिंत एकाच फ्रेममध्ये आहेत, चालणाऱ्यांना मागे बघायला फुरसत नाही, आणि दिसतं ते फक्त आपल्याला. ही गोष्ट मी संवादासकट बघताना पहिल्या वेळी नुसती ओझरती बघितली होती, म्यूट केल्यावर अंगावर आली.

सावधान: अर्थांचा डिक्शनरीसारखा वापर करू नका. 'लाल म्हणजे राग', 'लो अँगल म्हणजे ताकद', 'पांढरा म्हणजे शांती' हे सगळं इंटरनेटवर तक्त्यात मिळतं आणि सीनला लावलं की सीन मरतो. लहान पोराच्या उंचीवर कॅमेरा ठेवला तर मोठी माणसं खालूनच दिसणार, ती ताकदवान आहेत म्हणून नव्हे तर आपण त्या पोराजवळ उभे आहोत म्हणून. पांढरा रंग शाळेच्या शर्टाचाही असतो आणि आजीच्या लुगड्याचाही. रंगाला किंमत येते ती त्याच सिनेमात तो आधी कुठे दिसला आणि आजूबाजूला कुठले रंग आहेत यावरून.

६. आता डोळे मिटून ऐका

स्क्रीनकडे पाठ करा आणि फक्त ऐका. आवाज चार भागांत लिहा: बोलणं, वस्तूंचे आवाज, परिसर (वारा, गाड्या, पाखरं), संगीत. प्रत्येकापुढे एक प्रश्न: हा आवाज सिनेमातल्या माणसांना ऐकू येतोय, का फक्त आपल्याला?

हा प्रश्न साधा वाटतो पण 'फँड्री'तला तो डुकराचा पाठलाग याच्यावरच उभा आहे. जब्याचं कुटुंब शाळेच्या आसपास डुकरामागे धावतंय, पोरं बघतायत, हसतायत, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. तो आवाज पात्रांना ऐकू येतो. म्हणून धावणारं सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, आणि डुक्कर निसटतं. डुकराला राष्ट्रगीताशी काही देणंघेणं नाही. आता तेच सूर फक्त पार्श्वसंगीत म्हणून आपल्याला ऐकवले असते आणि कुटुंब धावतच राहिलं असतं, तर तो निव्वळ शेरा झाला असता, दिग्दर्शकाने वरून मारलेला. इथे मात्र नियम पाळण्याची किंमत तीच माणसं मोजताना दिसतात ज्यांना त्या शाळेच्या आवारात मान नाही. धावपळीनंतरची ती स्थिरता, आणि त्यात चालतं फक्त डुक्कर, एवढ्यावर मी तासभर बोलू शकतो.

दुसरी बाजू म्हणजे आवाज काढून घेणं. 'सैराट' (२०१६) भर संगीताचा सिनेमा, गाणी महाराष्ट्रभर वाजली, आणि शेवटी लहान मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं तेव्हा काहीच ऐकू येत नाही. त्याचं रडणंही नाही. तिथे व्हायोलिन असतं तर आपण रडून मोकळे झालो असतो. शांततेत रडताही येत नाही, थिएटरमध्ये दिवे लागले तरी लोक बसून होते ते मला आजही आठवतं. पण लक्षात घ्या, ही शांतता काम करते ती आधीच्या जवळजवळ पावणेतीन तासांतल्या आवाजामुळे. मुळात शांत असलेल्या सिनेमात तीच गोष्ट केली असती तर एवढी लागली नसती.

तपासून घ्या: पुढच्या सीनचा आवाज आधीच्या चित्रावर सुरू होतो का? होत असेल तर सेकंद लिहून ठेवा. दोन जागा तिथे मुद्दाम एकमेकींना चिकटवलेल्या असतात.

७. कटच्या दोन्ही बाजू बघा

आता शॉट लिस्ट घ्या आणि शॉटऐवजी जोड्या वाचा. १-२, २-३, ३-४. प्रत्येक जोडीला विचारा: दुसरा शॉट नसता तर पहिल्याचा अर्थ काय राहिला असता? एखादा माणूस नुसता बघतोय, पुढच्या शॉटला ताट दिसलं की तो भुकेला वाटतो, तिरडी दिसली की दुःखी, चेहरा तोच. म्हणून 'अभिनेत्याने डोळ्यांतून काय दाखवलंय' असं लिहायच्या आधी पुढचा शॉट तपासा, कदाचित ते एडिटरने दाखवलं असेल. याने अभिनेता लहान होत नाही.

सीन कुठे संपतो तेही इथेच बघा. 'कोर्ट'मध्ये सुट्टी लागते, कोर्टरूममधले दिवे एकेक करून बंद होतात, अंधार होतो. सिनेमा संपला असं वाटतं आणि बरेचजण उठायला लागतात. मग न्यायाधीश सुट्टीवर गेलेले दिसतात, बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून उठवतात, ते एका पोराला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात. त्या अंधारावर संपवलं असतं तर सिनेमा एका खटल्याबद्दल राहिला असता. पुढचा भाग जोडल्यावर तो त्या खुर्चीत बसणाऱ्या साध्या, कुटुंबवत्सल माणसाबद्दलही होतो, आणि मला तरी ते जास्त भीतीदायक वाटतं.

८. बदलून बघा

आतापर्यंत मी मधे मधे 'असं केलं असतं तर' म्हणत होतो, तीच खरी पायरी. निवड म्हणजे काय तर दुसरं काहीतरी शक्य होतं. ते दुसरं काय, हे सांगता येत नसेल तर तुम्हाला निवड दिसलेली नाही. यादीतले तीन शॉट घ्या आणि प्रत्येकाला एकच गोष्ट बदला, कॅमेऱ्याची जागा किंवा लांबी किंवा आवाज. एकावेळी एकच, दोन बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

'फँड्री'चा शेवटचा शॉट घ्या. त्रास देणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो, दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो, पडदा काळा होतो. आता कॅमेरा जब्याच्या पाठीमागे ठेवा. दगड लांब जातो, त्रास देणाऱ्या पोराला लागतो, तो कळवळतो. आपण काय करतो? टाळ्या वाजवतो. आपण जब्याच्या बाजूचे होतो, समाधानाने घरी जातो. मूळ शॉटमध्ये कॅमेरा आहे तो दगड खाणाऱ्याच्या जागी, म्हणजे आपल्याला आपोआप त्या रांगेत उभं केलंय जी शंभर मिनिटं भिंतीवर बसून बघत होती, आणि दगड लागल्यावर काय झालं ते दाखवलंच नाही, त्यामुळे समाधानाची जागाच शिल्लक नाही. बघा, यात 'दिग्दर्शकाला म्हणायचंय' हा शब्दप्रयोग एकदाही लागला नाही, कॅमेऱ्याची जागा सांगितली तेवढ्यात झालं.

सावधान: बदलून काहीच फरक पडला नाही तर तसं लिहा. सिनेमातली प्रत्येक गोष्ट अर्थाने ठासून भरलेली नसते, कधी कधी खोली लहान असते म्हणून कॅमेरा कोपऱ्यात असतो.

९. बाकी सिनेमात शोधा

एका सीनमध्ये सापडलेली गोष्ट सिनेमात आणखी किमान दोनदा दिसली तर तिच्यावर भिस्त ठेवा. एकदाच दिसली तर 'इथे' म्हणा, 'या सिनेमात' म्हणू नका.

जब्याची काळी चिमणी हे याचं चांगलं उदाहरण. लोक तडक लिहितात 'काळी चिमणी म्हणजे स्वातंत्र्य' किंवा 'म्हणजे प्रेम'. थांबा. आधी शोधा ती कधी दिसते, कुणाला दिसते, तेव्हा जब्याच्या हातात काय असतं. गलोल असते. म्हणजे हा पोरगा सिनेमाभर कशावर तरी नेम धरतोय, आणि शेवटीही दगडच आहे, पण नेम बदललाय. चिमणीचा 'अर्थ' ठरवण्यापेक्षा दगडाचा हा प्रवास मांडणं कितीतरी पक्कं आहे, कारण तो कुणीही पडद्यावर बोट ठेवून दाखवू शकतो.

१०. लिहायला बसा

आधी एक वाक्य, ज्याच्याशी कुणी वाद घालू शकेल. 'शेवटचा शॉट प्रभावी आहे' याच्याशी कोण भांडणार? 'शेवटच्या शॉटमधली कॅमेऱ्याची जागा प्रेक्षकाला बघ्यांच्या रांगेत नेते', यावर भांडण होऊ शकतं. मग शॉट नंबर घेऊन पुरावा, काय आहे, त्याऐवजी काय असू शकलं असतं, त्याने काय बदललं. स्टोरी दोन ओळींच्या वर नको.

मग दुसऱ्या पायरीतल्या त्या तीन-चार ओळी काढा. तुम्हाला जिथे ओरडावंसं वाटलं होतं ती जागा लेखात आहे का? नसेल तर लेख कितीही बरोबर असला तरी अर्धा आहे, परत लिस्टमध्ये जा आणि त्या सेकंदाला कुठला शॉट होता ते बघा.

लिहून झालं की दोन दिवस वही बंद ठेवा, आणि मग सीन एकदा सलग, हेडफोन लावून, पॉज न करता बघा. दरवेळी एखादी गोष्ट नव्याने दिसतेच, मागे उभं असलेलं कुणीतरी, कुठलातरी आवाज. ती शॉट नंबरसकट लिस्टमध्ये घाला, आणि वाक्य बदलावं लागलं तर बदला.